खुनाची गोष्ट वाचून झोप कशी लागते?

चोपड्याजवळच्या एका गावात माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. संध्याकाळी टीव्हीवर कुठल्या खुनाची बातमी लागली की आक्का उठते आणि आवाज बंद करते. "नको रे भाऊ, रात्री झोप लागत नाही," म्हणते. पण ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची असते आणि दाजी केळीला पाणी भरायला जातात, त्या आठवड्यात तिच्या उशाशी हमखास एक पुस्तक असतं, आणि त्या पुस्तकात हमखास एक खून झालेला असतो. तीन-चार पानं वाचते, चष्मा काढते, शांत पडते.

बातमीतल्या खुनाने उडणारी झोप पुस्तकातल्या खुनाने लागते कशी? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता, आणि तो एकट्या आक्काचा नाही हे हळूहळू कळलं. रिचर्ड ऑस्मन या इंग्रज लेखकाची 'द थर्सडे मर्डर क्लब' ही कादंबरी 2020 मध्ये, म्हणजे ऐन कोरोनाच्या साथीत आली आणि तुफान खपली. वृद्धाश्रमासारख्या वसाहतीत राहणारे चार म्हातारे दर गुरुवारी जमतात आणि खुनांची उकल करतात, एवढीच तिची मांडणी. 2025 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. जग दवाखान्याच्या दारात उभं असताना लोकांना मन रमवायला खुनाची गोष्ट लागली. याचं कारण त्या गोष्टींच्या ठरलेल्या साच्यात आहे. तो साचा आपण नीट उघडून बघू.

आधी नाव समजून घेऊ

या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात. कोझी म्हणजे उबदार. चहाची किटली गार होऊ नये म्हणून तिच्यावर जे जाड कापडी टोपडं घालतात, त्यालाही इंग्रज 'टी-कोझी'च म्हणतात. आपण या प्रकाराला उबदार रहस्यकथा म्हणू.

ओळखायची कशी? गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखतात. खून होतो, पण पडद्याआड. रक्ताची वर्णनं नाहीत, छळाची नाहीत. शोध घेणारा पोलीस नसतो, गावातलंच कोणीतरी साधं माणूस असतं, पुष्कळदा वयस्क बाई. संशयित पाच-सात, आणि ते सुरुवातीलाच समोर येतात. शेवटी खुनी सापडतो आणि तो कसा सापडला हे सगळ्यांना बसवून सांगितलं जातं. मग गाव पुन्हा कामाला लागतं.

गुंड, गोळीबार आणि भ्रष्ट पोलीस असलेली गुन्हेगारी कादंबरी वेगळी. तिच्यात शेवटी कोणी पकडलं जाईलच याची हमी नसते. उबदार रहस्यकथेत ती पहिल्या पानापासून असते.

भरताच्या पार्टीतला खून

नियम नुसते वाचून डोक्यात शिरत नाहीत. म्हणून एक गोष्ट आपणच रचू, आपल्या मुलखातली.

तापीकाठचं गाव, हिवाळ्याची सुरुवात. शेतात भरीत पार्टी ठरली आहे. गोष्ट उघडते ती अंगणवाडीच्या ताईंच्या दारात. त्या सकाळी उंबऱ्यावर सांडलेला भंडारा झाडताहेत. काल रात्री घरात तळी उचलली, 'येळकोट' झाला, पोरांनी निम्मा भंडारा दारातच उधळला. ताई पुटपुटतात, झाडूला पिवळा रंग लागतो, आणि त्या शेताकडे निघतात.

शेतात पऱ्हाट्यांचा जाळ पेटला आहे. त्यात ती मोठी, हिरवी-पांढरी भरताची वांगी टाकली आहेत. साल करपून काळी पडली, आतून वाफ फुसफुसायला लागली की काढायची, सोलायची, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची. वर मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. जमलेले लोक असे: जिनिंगवाले शेठ, त्यांचा भाचा, कृषी केंद्राचा मालक, निवृत्त तलाठी आप्पा, शेजारच्या बांधाचा शेतकरी, गावातले डॉक्टर आणि ताई. संध्याकाळी अवकाळी पाऊस येतो, नाल्याला पाणी चढतं, फरशी पूल बुडतो. आता कोणी जाऊ शकत नाही, कोणी येऊ शकत नाही. अशा कोंडलेल्या जागेला या शास्त्रात 'बंद वर्तुळ' म्हणतात. खुनी बाहेरचा नाही, इथलाच आहे, हे वाचकाला त्यातून कळतं.

भरताची दुसरी खेप येते. जेवता जेवता शेठ आडवे होतात आणि उठत नाहीत. भरतात विष होतं.

आता संशय. बांधकऱ्याने दुपारीच शेठशी बांधावरून जोरात भांडण केलं होतं. कृषी केंद्रवाल्याची शेठकडे मोठी उधारी अडकलेली, आणि पंपाच्या खोलीत कीटकनाशकाची उघडी बाटली सापडते ती त्याच्याच दुकानातली. भाचा वारस आहे. सगळ्यांच्या नजरा या तिघांवर फिरतात. सहाव्या पानावर आप्पा तलाठी सहज बोलून जातात, "मी बुवा भरीत घेतलंच नाही. चंपाषष्ठी होईस्तोवर वांगं तोंडाला लावायचं नाही, हा आमच्या घरातला नेम. मी आपलं वरण-भात खाल्लं." कोणाचं लक्ष जात नाही. त्या गोंधळात तिथी मोजायला वेळ कोणाला असतो?

शेवटच्या पानावर ताई विचारतात, "आप्पा, काल आमच्याकडे तळी उचलली ती कशाची होती?"

चंपाषष्ठी कालच झाली होती. पहिल्याच परिच्छेदात उंबऱ्यावर भंडारा होता. चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायचं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आप्पांनी भरीत टाळलं ते नेमामुळे नाही, आत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. आयुष्यभर सातबाऱ्यावर तारखा लिहिलेला माणूस तिथी चुकेल कसा?

ही गोष्ट मी आक्काला सांगितली तेव्हा ती कपाळावर हात मारून हसली. मला त्या हसण्याबद्दल बोलायचं आहे.

चकवा चालतो, रडीचा डाव चालत नाही

आक्का हसली, कारण उत्तर तिच्या डोळ्यांसमोर होतं. भंडाऱ्याचा उल्लेख मी लपवला नव्हता. लेखकाने फसवावं, पण खोटं बोलू नये, हा या खेळाचा पाया आहे.

कीटकनाशकाच्या बाटलीसारख्या, मुद्दाम भलतीकडे नेणाऱ्या खुणेला आपल्याकडे एक फार सुंदर शब्द तयार आहे: चकवा. रात्री शिवारात चकवा लागला की माणूस ओळखीच्या बांधांवर गोल गोल फिरत राहतो, असं म्हातारी माणसं सांगायची. उबदार रहस्यकथेत वाचक तसाच फिरतो. उजाडल्यावर दिसतं, की वाट पायाखालीच होती.

हे नियम लेखकांनी खरोखर लिहून काढले होते. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. ते स्वतः रहस्यकथा लिहीत. खुनी गोष्टीच्या सुरुवातीलाच दिसला पाहिजे. भुताखेतांची मदत घ्यायची नाही. कोणाला माहीत नसलेलं विष आणायचं नाही. जुळा भाऊ आयत्या वेळी हजर करायचा नाही, आणायचा तर वाचकाला आधी तयार करायचं. शोध घेणाऱ्यानेच खून केलेला नको. पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा 'डिटेक्शन क्लब' निघाला. तिथे नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे: दैवी साक्षात्कार, योगायोग असल्या गोष्टींवर उकल बेतणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. शपथेच्या वेळी तिथे मानवी कवटी ठेवलेली असे. त्यात गंमतीचा भाग होताच, पण वाचकाला दिलेला शब्द त्यांच्या लेखी खरा होता.

पुढे कित्येकांनी यातले नियम मोडले आणि मोडून उत्तम पुस्तकं लिहिली. पण मोडण्यात मजा यायला आधी नियम वाचकाच्या अंगात मुरलेला असावा लागतो.

साचा आला कुठून

या गोष्टींचा बहराचा काळ दोन महायुद्धांच्या मधला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून जास्त सैनिक गेले. कित्येक घरांतलं कोणीतरी परत आलं नव्हतं. त्यातच 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत, आणि एका भारतातच तिने एक कोटीहून अधिक माणसं नेली. एवढे मृत्यू, आणि एकाचंही कारण धड सांगता येत नाही. कोणी केलं? का केलं? उत्तर नाही.

अशा काळात अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची पहिली रहस्यकादंबरी 1920 मध्ये आली. युद्धात त्यांनी इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं. कुठलं औषध किती घेतलं तर बरं करतं आणि किती घेतलं तर मारतं, हे तिथे शिकल्या, आणि पुढे जन्मभर ते ज्ञान कादंबऱ्यांत वापरलं. त्यांच्या गोष्टीत मृत्यू बहुतेक वेळा एकच असतो, नाहीतर दोन-तीन, आणि प्रत्येकाला नाव, कारण आणि उत्तर असतं. लाखोंच्या मरणाने सुन्न झालेल्या वाचकाला एका मरणाचा पूर्ण हिशेब लागलेला बघून काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. खुनांचा छडा लावणाऱ्या त्यांच्या मिस मार्पल तर लोकर विणत बसणाऱ्या खेड्यातल्या वृद्ध अविवाहित बाई. त्या काळी या पुस्तकांना कोणी 'कोझी' म्हणत नव्हतं, ते नाव फार नंतर चिकटलं.

मराठीत रहस्यकथेची वाट वेगळी गेली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा झुंजार घराघरांत पोहोचला. पण झुंजारच्या गोष्टीत वेग असतो, वेषांतर असतं, हाणामारी असते. उबदार कथेची खरी बहीण मला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत दिसते. तोही अंगाने किरकोळ, कोणी गंभीरपणे न घेणारा शाळकरी पोरगा, आणि मोठ्यांना न दिसलेलं बघणारा.

ठाऊक असलेलं पुन्हा का हवंसं वाटतं?

आता मूळ प्रश्न. सगळं ठरलेलं आहे, खुनी सापडणार हे माहीत आहे, तर मग वाचायचं कशाला?

दर हिवाळ्यात आपण भरीत पार्टी करतो. 'यंदा काय नवीन?' असं कोणी विचारत नाही. तीच वांगी, तोच जाळ, तीच कळण्याची भाकरी. पण पहिला घास घेतला की लगेच बोलणं सुरू होतं: यंदा मिरची चढली आहे, वांगं बी धरलेलं आहे, लसूण कमी पडला. बाकी सगळं तेच असल्यामुळेच एवढा बारीक फरक जिभेला कळतो. दर वेळी पदार्थच बदलला असता, तर लसणाकडे लक्ष गेलं नसतं.

उबदार रहस्यकथेचा वाचक तसाच वाचतो. 'शेवट बरा होईल ना' या काळजीत त्याचं डोकं अडकत नाही. ते मोकळं असतं, म्हणून उंबऱ्यावरच्या भंडाऱ्याकडे जाऊ शकतं. वाफ्याला बांध घातला की पाणी मुळाशी मुरतं, नाहीतर उताराने वाहून जातं. साचा हा गोष्टीचा बांध आहे.

शेवट कळला तर मजा जाते, हे आपण धरूनच चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी ते तपासून पाहिलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही वाचकांना गोष्टीचा शेवट आधीच सांगितला आणि काहींना नाही. गोष्टींमध्ये रहस्यकथाही होत्या. शेवट आधी कळलेल्यांना गोष्टी सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत निकाल याच्या उलटही आले, त्यामुळे यावरून कोणी आक्काला खुन्याचं नाव आधी सांगायला जाऊ नये. पण न कळलेला शेवट एवढीच गोष्टीची मजा नसते, इतकं त्यातून नक्की दिसतं.

भीतीचंही असंच. मामाने बाळाला वर उडवलं की ते खिदळतं. तेच अनोळखी माणसाने उडवलं तर किंचाळतं. उंची तेवढीच, पोटात येणारा गोळाही तोच. फरक झेलणाऱ्या हातांचा. आक्काच्या पुस्तकातला लेखक तिच्या ओळखीच्या मामासारखा आहे. उडवेल, पण झेलेल. टीव्हीवरच्या बातमीला असे हात नाहीत. तिथे खून होतो आणि मग जाहिरात लागते.

ताईंनाच का कळतं?

मला स्वतःला या साच्यातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

पोलिसांकडे गाडी आहे, प्रयोगशाळा आहे, अधिकार आहे. अंगणवाडीच्या ताईंकडे यातलं काही नाही. पण कोणाच्या घरचं पोर आठ दिवस आलं नाही, कोणाच्या सुनेने माहेरी जायचं अचानक ठरवलं, कोणाच्या दारात परवा नवी मोटारसायकल उभी राहिली, कोणाकडे तळी उचलतात आणि कोणाकडे नाही, हे त्यांना माहीत असतं. गावात याला 'चौकशा' म्हणतात, आणि बाईमाणसाने केल्या तर नाक मुरडतात. उबदार रहस्यकथा याच माहितीला ज्ञानाचा मान देते. मिस मार्पल खुनी ओळखतात ते असंच: हा माणूस आपल्या गावातल्या अमक्यासारखा वागतो, तर मग पुढेही तसाच वागेल.

आक्काने चाळीस वर्षं घर सांभाळलं, दोन पोरींची लग्नं केली, भाऊबंदकीतल्या निम्म्या गावाचे रुसवे काढले. कानबाईच्या रोटाला, म्हणजे देवीच्या सणाच्या जेवणाला, कोण कोणाच्या शेजारी बसणार नाही हे तिला आधीच ठाऊक असतं, आणि ती त्याप्रमाणे पाट मांडते. या कामाला कोणी हुशारी म्हटल्याचं तिने कधी ऐकलेलं नाही. आणि इथे, छापील पुस्तकात, तिच्यासारखीच बाई ठाणेदाराला सांगते की तुमचं चुकलं, आणि ठाणेदार ऐकतो. तिला बरं वाटतं त्यात या ऐकण्याचा मोठा वाटा आहे, असं माझं मत आहे.

"पण शेवटी माणूस मेला ना? त्यात ऊब कसली?"

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने 1948 मध्ये यावर एक निबंध लिहिला. रहस्यकथांचं आपल्याला व्यसनच आहे, अशी कबुली त्यांनी त्यात दिली आहे. त्यांचं म्हणणं असं, की या गोष्टीतली जागा जितकी नीटनेटकी, जितकी भली, तितका तिथला खून विजोड वाटतो, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर कुत्र्याने घाण करावी तसा. तो तिथे शोभत नाही, म्हणून तो निस्तरलाच पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. खून ही इथली रीत नाही, हे गोष्टीला सारखं सांगायचं असतं. बातम्या रोज ऐकून आपल्याला नेमकं उलटं वाटायला लागतं, की हे असंच चालायचं.

तरी एक खोट मला खटकते. साचा सांभाळायचा म्हणून लेखक पुष्कळदा असा माणूस मारतात ज्याच्यासाठी कोणी रडणार नाही: खडूस सावकार, कजाग आत्या. मघाशी मीही जिनिंगवाले शेठच मारले. त्यांच्या बायकोचं काय झालं, हे मी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर नोकरचाकर, परदेशी माणसं आणि गरीब यांच्याविषयीचे पूर्वग्रहही जागोजाग आहेत. ऊब सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. चांगला लेखक आता मेलेल्यालाही माणूस करतो, आणि तसं केलं म्हणून ऊब कमी होत नाही, हे आजच्या पुस्तकांत दिसतं.

"एवढ्याशा गावात इतके खून?"

अमेरिकेत 1984 ते 1996 या काळात 'मर्डर, शी रोट' नावाची मालिका चालली. त्यातली लेखिका मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या छोट्या काल्पनिक गावात राहते, आणि तिथे माणसं इतकी मरतात की छोट्या गावातल्या भरमसाट खुनांना 'कॅबट कोव्ह सिंड्रोम' म्हणायची पद्धतच पडली. वाचकाला हे दिसत नाही असं नाही. भारुडात बाई झालेल्या पुरुषाला मिशा असल्या तरी आपण भारूड ऐकतोच. तेवढं आपण आपणहून सोडून देतो.

"साच्यातून काढलेलं ते साहित्य कसलं?"

हा वाद जुना आहे. रेमंड चँडलर या अमेरिकी लेखकाने 1944 मध्ये लिहिलेल्या निबंधात या इंग्रजी धर्तीच्या कथांना कृत्रिम ठरवलं होतं. पाठोपाठ एडमंड विल्सन या समीक्षकाने तर, खून कोणी केला याची पर्वा कोणाला आहे, असाच सवाल केला. अमळनेरला 2024 मध्ये साहित्य संमेलन झालं. त्या गर्दीत पुस्तकांच्या गाळ्यांवरून फिरताना मी याच प्रश्नाचा विचार करत होतो. गंभीर साहित्याच्या गाळ्यावर माणूस रेंगाळतो, पान उलटतो, मान हलवतो. रहस्यकथा उचलताना मात्र जरा इकडे-तिकडे बघतो. ही लाज कशाची?

साचा म्हणजे कमी दर्जा असेल, तर ओवीचं काय करायचं? ओवी हाही साचाच आहे. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनी जात्यावर, शेतात, त्या ठरलेल्या चालीत गाणी रचली. अक्षरओळख नसलेल्या बाईला ती चाल हाताशी होती, म्हणून ते शब्द सुचले आणि लक्षात राहिले. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी गाणी पुस्तकरूपाने आली. साच्यात काय ओतलंय ते बघावं. वाईट रहस्यकथा पुष्कळ आहेत, वाईट ओव्याही असतील.

चँडलरचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे: खरा गुन्हा असा सुबक नसतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली. तक्रार दिली, पंचनामा झाला, एक कागद मिळाला. कोणी चोरली, आजतागायत कळलं नाही. गावात चार नावं घेतली जातात, चारही माणसं रस्त्यात भेटली की आम्ही रामराम घालतो, आणि घालताना दर वेळी मनात तो प्रश्न येतो. कापसाला यंदा काय भाव मिळेल, बोंडअळी येईल का, केळी कापणीच्या वेळी व्यापारी काय दर लावेल, याचीही उत्तरं अशीच लोंबकळत असतात. शेतकऱ्याच्या घरात उत्तर नसलेल्या प्रश्नांची चळत लागलेली असते. त्या चळतीतला एखादा प्रश्न तरी झोपण्यापूर्वी सुटावा असं वाटलं, तर त्याला पळवाट म्हणायला माझं मन धजत नाही. आक्काला माहीत आहे की पुस्तक खोटं आहे. दोनशे पानांत सगळं सुटणारं दुसरं काही तिच्या घरात नाही, हेही तिला माहीत आहे.

एका रात्री

मागच्या डिसेंबरात मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. लाईट रात्री अकराची होती. सातपुड्याच्या पायथ्याला हिवाळ्यात बिबट्याच्या बातम्या येतात, तशा त्या आठवड्यातही आल्या होत्या. दाजी बॅटरी आणि काठी घेऊन निघाले. आक्काने दाराला कडी लावली नाही, नुसतं लोटून घेतलं, आणि गोधडी पायावर ओढून पुस्तक उघडलं.

मी पलीकडच्या खाटेवर पडलो होतो. पान उलटल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही, मग कुत्रं भुंके, आणि तिचा हात पानावर थांबे. कुत्रं गप्प झालं की पान पुन्हा उलटे. एकदा मी विचारलं, "मंग काय व्हयनं?" तिने बोट ओठावर ठेवलं आणि वाचत राहिली.

दोन वाजून गेल्यावर लांबून मोटारसायकल ऐकू आली. आधी नाल्यापाशी, मग मारुतीच्या पाराजवळ, मग गल्लीच्या तोंडाशी. आक्काने पानाचा कोपरा दुमडला. शेवटची दहा-बारा पानं राहिली होती, मी पाहिलं.

"कोण शे, कळनं का?" मी विचारलं.

"माले वाटस, डॉक्टर," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.